कंट्रोलमधलं नाव

डिलाईल रोड, मुंबई
५ जून २०२५

चि. श्रेया बाय,

आधी पापा घे. आशीर्वाद मागाहून येतोय, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, आजी, हल्ली पत्रं येतात ती बँकेची नाहीतर कोर्टाची, तुम्हाला घरची कुठून येतात. मी म्हटलं, माझी नात बेंगलोरला सायंटिस्ट आहे आणि मीच तिला सांगितलंय, फोन करायचा नाही. खरंच आहे ना गो. फोनवर तू बोललीस की कोंबडी पाण्यात बुडून बोलतेय असं मला ऐकू येतं. तुझ्या बापाने, हितेंद्राने, हौसेने कानातलं मशीन आणलं तर ते शिट्टी मारतं. परवा देवळात मारली. पुजारी वळून माझ्याकडे बघायला लागला, ह्या वयात. त्यापेक्षा पत्र बरं. चौथीपर्यंतची का होईना, शाळा वसूल होते.

पाकिटावरचा इंग्रजी पत्ता तेवढा शेजारची अनुजा घालते. म्युन्सिपालटीच्या शाळेत शिकवते ना, अक्षर मोत्यासारखं. तुझं पत्र मात्र मीच वाचते, बोट ठेवून, ओळ चुकली की परत वरून.

आता एक सांग. तू नक्की करतेस काय? चाळीच्या माळ्यावर सगळ्या विचारतात. हितेंद्र म्हणतो, लॅबमध्ये आहे. लॅब तर आपल्या नाक्यावर पण आहे, तिथे लोक डबीत लघवी घेऊन जातात. तुझं तसं नसेल ना? असलं तरी चालेल म्हणा. पण मला नीट कळलं की मी नीट सांगेन.

काल लालबागला जाऊन मसाला कुटून आणला. मी स्वतः डंकासमोर बसले, नाहीतर आपल्या मिरच्या दुसरीच्या घरी जातात. त्याच गल्लीत तुझ्या आईसाठी शिकेकाई पण दळून घेतली. डंकावरून आलं की दोन दिवस नाकाला कसलाही वास लागत नाही, बटाटा नि अत्तर सारखंच. तुझा मसाल्याचा पुडा हितेंद्राने चिकटपट्टी मारून कुरिअरला दिलाय. मिळाला की कळव. तिथली पांचट भाजी खाऊन माझी पोर वाळली असेल.

तुझी आजी,
शेवंती

—

बेंगळुरू
१६ जून २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र वाचून लॅबमध्ये एकटीच हसले. मसाला मिळाला. एकदम मस्त झालाय, रोज भाजीत घालते.

आता माझं काम. आपल्या मेंदूत एक द्रव्य असतं, सेरोटोनिन. झोप, भूक, मन थाऱ्यावर असणं, अशा पुष्कळ गोष्टींत त्याचा हात असतो. ते वापरलं गेलं की मोडतं आणि त्याचं दुसरंच काहीतरी उरतं. त्या उरलेल्याचं नाव इतकं लांब आहे की आम्हीही आकडा नि अक्षरांत म्हणतो. मेंदूच्या आणि पाठीच्या कण्याच्या भोवती स्वच्छ पाणी असतं, हे उरलेलं त्या पाण्यात उतरतं. मेंदू उघडून बघता येत नाही ना, म्हणून डॉक्टर कमरेजवळ बारीक सुई घालून थोडं पाणी घेतात आणि त्यात ते किती आहे हे मी मोजते. तू चुलीवर रांधायचीस तेव्हाचं आठव. सकाळी चुलीतली राख बघितली की रात्री किती जाळ केला ते कळायचं. मी राख मोजते.

का मोजतो? पन्नासेक वर्षांपूर्वी काही डॉक्टरांना दिसलं की ज्यांचं मन फार खचलेलं असतं, त्यांच्यातल्या काहींच्या पाण्यात ही राख कमी असते. सगळ्यांच्या नाही. नंतर कुणाला दिसलं, कुणाला दिसलं नाही. उंच माणसात ती कमी भरते, ऋतू बदलला की बदलते. आणि राख कमी म्हणजे जाळच कमी होता, की कुणी आधीच राख भरून नेली, तेही कळत नाही. आम्ही अजून शोधतोय.

पाणी द्यायच्या आधी काही दिवस केळी, अक्रोड बंद. रात्रभर पडून राहायचं. आजारी माणसांबरोबर निरोगी माणसांचंही पाणी लागतं. पुढच्या महिन्यात मीही देणार आहे. मी कंट्रोलमध्ये आहे.

सगळं छान चाललंय. काळजी करू नकोस.

श्रेया

—

डिलाईल रोड
२५ जून २०२५

चि. श्रेया बाय,

ह्या वेळी दोन पापे. एक तुझा आणि एक तुझ्या राखेचा.

आता मला सगळं कळलं आणि मी सगळ्या माळ्याला सांगितलं. ते सेरोटोनिन माझ्या जिभेवर वळत नाही, म्हणून मी तिचं नाव सरू ठेवलंय. सरू डोक्यात जळते आणि तिची राख कमरेत उतरते. गॅलरीत बायकांना सांगत होते तर तांदूळ निवडायचे राहिले. एकीने विचारलं, मावशी, मग माझी कंबर दुखते ती राखेने का? मी म्हटलं, तुझी कंबर दिवसभर मोबाईल घेऊन लोळण्याने दुखते.

पण बाय, पाठीतलं पाणी काढतात म्हटल्यावर मी पत्र खाली ठेवलं. आपल्यात म्हणतात, पाठीतलं पाणी काढलं की माणूस उठत नाही. अनुजाला विचारलं. ती म्हणाली, तसं नसतं, ज्याचं दुखणं आधीच फार वाढलंय त्याचंच पूर्वी काढायचे, तो दुखण्याने जायचा आणि नाव सुईचं व्हायचं. एक-दोन दिवस डोकं दुखतं, पडून राहिलं की बरं होतं. मग माझा जीव भांड्यात पडला. तरी पाणी देशील त्या दिवशी आडवी पड, बोलत बसू नकोस.

आणि केळी का बंद? उंच माणसाची राख कमी, हे मात्र पटलं. तुझे आजोबा सहा फूट होते. गिरणी बंद झाल्यावर दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून बसले. तेव्हा आम्हाला वाटलं, काम गेलं म्हणून. कोण जाणे, सरूही गेली असेल.

एक वाचून मात्र मी हसले. तू पण कंट्रोलमध्ये? अगो, सगळी उमर कंट्रोलच्या रांगेत गेली माझी. कंट्रोलचा तांदूळ, कंट्रोलची साखर, कंट्रोलचं घासलेट. पिशवी दगडाखाली ठेवून नंबर लावायचा नि घरी येऊन भाकऱ्या थापायच्या. आता सरूचं पण कंट्रोल काढलं का सरकारने? माणशी किती देतात?

चतुर्थीला येशील तेव्हा सगळं समोर बसून सांग. तिकीट काढलंस ना?

आजी

—

बेंगळुरू
९ जुलै २०२५

प्रिय आजी,

कंट्रोल म्हणजे रेशन नाही. ज्यांना काही आजार नाही अशा माणसांच्या गटाला आम्ही कंट्रोल म्हणतो. त्यांच्याशी आजारी माणसांची तुलना करायची, एवढंच. केळ्यांनी आकडा चुकतो, म्हणून ती बंद.

माझं पाणी द्यायचं राहिलं. कंट्रोलमधून माझं नाव काढलं. जागा भरल्या होत्या. काही विशेष नाही.

चतुर्थीला जमणार नाही असं वाटतं. काम फार आहे. आईबाबांना तूच सांग. मसाला अजून पुरतोय, नवा पाठवू नकोस.

श्रेया

—

डिलाईल रोड
१९ जुलै २०२५

चि. श्रेया,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. तीन वेळा फाडलं, कागद महाग झालेत तरी.

गेल्या आठवड्यात तुझ्या आईने, सुचित्राने, शिकेकाईचा पुडा काढला. शुक्रवार, केस धुवायचे, त्यात सर्दीने नाक बंद नि मोरीतला दिवा गेलेला. मूठभर पूड गरम पाण्यात घातली नि डोक्यावर ओतली. त्यानंतर मोरीतून जो आवाज आला तो मला मशीन न लावता ऐकू आला. अख्खा माळा धावला. अनुजाने खोबरेल तेल चोळलं, हितेंद्र बर्फ घेऊन आला, तिचे डोळे टोमॅटोसारखे. पुड्यात मसाला होता गो. आपला मालवणी मसाला, तिखट मिरचीचा. दोन दिवस सुचित्रा माझ्याशी बोलली नाही. आता बोलते, पण डोक्याला रुमाल आहे.

सगळ्या हसल्या. मी पण हसले. हसता हसता माझ्या मनात आलं, मसाला जर इथे आहे, तर तुझ्याकडे काय गेलं?

रोज भाजीत घालतेस. एकदम मस्त झालाय. अजून पुरतोय. दीड महिना तू शिकेकाईचं कालवण खातेस का बाय? तोंडाला फेस नाही आला?

तू तो पुडा उघडलाच नाहीस.

ह्याचा मला राग नाही. पोरं खोटं बोलतात, आजीला बरं वाटावं म्हणून. पण मग मी तुझी सगळी पत्रं काढून परत बोट ठेवून वाचली. पहिल्या पत्रांत तू काय जेवलीस ते असायचं, हॉस्टेलच्या सांबारावर शिव्या असायच्या. आता नुसतं छान चाललंय. आणि पत्रं आखूड होत चालली, जत्रेतला साबण वापरून वापरून होतो तशी.

दुसरं म्हणजे ते कंट्रोल. तू समजावलंस ते कळलं, रेशन नाही. पण आमच्या कंट्रोलमधून नाव कधी कमी करायचे ते मला ठाऊक आहे. जागा भरल्या म्हणून कुणी नाव कमी करत नाही. माणूस दुसरीकडे राहायला गेला तर करतात. नाहीतर माणूस गेला तर. तुझे आजोबा गेल्यावर हितेंद्र रेशन ऑफिसला जाऊन आला नि म्हणाला, नाव कमी करून आलो. तो शब्द मला बाकी सगळ्यापेक्षा लागला होता. तुझ्या पत्रात तोच लागला.

ज्यांना काही आजार नाही त्यांचा गट, असं तूच लिहिलंस. त्यातून तुझं नाव काढलं. म्हणजे काय?

मी अनुजाला तुझं नाव न घेता विचारलं, की एका मुलीचं असं असं आहे. तिने हातातल्या वह्या बाजूला सारल्या. मग म्हणाली, काकी, त्या मुलीला सरळ विचारा, जीव नकोसा होतो का. मला तर धसकाच बसला. म्हटलं, असं विचारलं तर नसलेलं मनात येईल. ती म्हणाली, विचारल्याने येत नाही. आलेलं असेल तर सांगायला वाट मिळते. मग हळूच म्हणाली, माझं मला कुणीतरी विचारलं होतं, म्हणून मी इथे बसलेय तुमच्याबरोबर. सात-आठ वर्षं गोळी घेते ती, मला पत्ता नव्हता. मी समजत होते, बीपीची.

तर विचारते. श्रेया, जीव नकोसा होतो का गो?

जे असेल ते लिही. शुद्धलेखन बघणार नाही.

तुझी आजी

—

बेंगळुरू
३० जुलै २०२५

आजी,

पुडा दाराशीच आहे, आला तेव्हा ठेवला तिथे. रोज त्याला वळसा घालून जाते.

तुला पत्र लिहायला बसले की तू खूश होशील असं लिहायचे. लिहून झालं की अर्धा दिवस मलाही ते खरं वाटायचं. नंतर तेही वाटेना.

पाणी देण्याआधी पद्मजा मॅडम, आमच्या मुख्य डॉक्टर, प्रत्येकाला समोर बसवून प्रश्न विचारतात. झोप कशी आहे, भूक कशी आहे. मी सगळ्याला ठीक म्हटलं. मग त्यांनी विचारलं, शेवटचं बरं कधी वाटलं होतं? किती सोपा प्रश्न आहे. मी आठवत बसले. आठवेना. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "श्रेया, तू निरोगी गटात बसत नाहीस." रागाने नाही म्हणाल्या. एका डॉक्टरचा नंबर दिला. मी फोन केला नाही.

मी त्यांना म्हटलं, मग मला आजारी लोकांच्या गटात घ्या, पण माझं पाणी घ्या. मला आकडा हवाय. आकडा कमी आला तर मला कळेल की मला खरंच काहीतरी झालंय. नाहीतर मी नुसती आळशी आहे. सकाळी उठवत नाही, दात घासायला जीवावर येतं. माझ्या वयाच्या मुली किती काय काय करतात. मॅडम म्हणाल्या, "एकट्या आकड्यावरून काय कळतं, ते तूच सांग मला." मला उत्तर ठाऊक होतं. चांगल्या हसऱ्या माणसांचे आकडे कमी आलेले मी पाहिलेत आणि रडून रडून दमलेल्यांचे भरपूर. एका माणसाच्या राखेवरून त्याचं काही सांगता येत नाही. हे मीच लोकांना समजावते. तरी मला माझा आकडा हवा होता.

तू विचारलंस ते. हो, होतो. रोज नाही. पण गेल्या आठवड्यात जास्त. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं.

आईबाबांना सांगू नकोस. बाबा सगळ्यांना सांगत फिरतात, माझी मुलगी मेंदूवर काम करते. त्यांना काय वाटेल.

श्रेया

—

डिलाईल रोड
४ ऑगस्ट २०२५

माझ्या श्रेया,

हे पत्र पोस्टातून येत नाही. तुझ्या आईच्या हातून येतंय. म्हणजे मी सांगितलं. तू नको म्हणाली होतीस, तरी सांगितलं. माझ्यावर रागव, पाहिजे तेवढं रागव, पण जेवून रागव.

पत्र आज अकरा वाजता आलं. हो, होतो, तिथे बोट आलं आणि पुढची ओळ मला दिसेना. पाकिटावरची तारीख बघितली तर पाच दिवसांपूर्वीची. श्रेया, आयुष्यात पहिल्यांदा मला पत्राचा राग आला. हातात पोर धरल्यासारखं पत्र धरलं नि अनुजाच्या दाराशी गेले. तिला म्हटलं, फोन लाव.

त्या फोनवर मी काय काय बोलले ते तुला ठाऊक. मला नाही आठवत. मधेच मी मसाल्याबद्दल पण बोलले, असं अनुजा म्हणते. तू काय बोललीस ते मला कळलं नाही. तीच ती पाण्यातली कोंबडी. पण होती. तेवढंच मला ऐकायचं होतं. मग अनुजाने फोन घेतला आणि गॅलरीच्या टोकाला जाऊन पुष्कळ वेळ बोलली. काय बोललात विचारलं तर म्हणाली, ते तुमच्या नातीचं आहे. आई पोचेपर्यंत तू मैत्रिणीजवळ राहणार आहेस आणि मॅडमना फोन करणार आहेस, एवढं तू कबूल केलंस म्हणाली. मोठी गुणाची आहे ती, मी उगीच तिच्या भाकऱ्यांना नावं ठेवायचे.

सुचित्राला सांगितलं तेव्हा ती लाटत होती. लाटणं ठेवलं, गॅस बंद केला आणि पलंगाखालची बॅग ओढली. हितेंद्राला कामावरून बोलावून घेतलं. तो दारात उभा राहिला नि म्हणाला, "ती तर सगळं छान आहे म्हणायची." मी म्हटलं, तू पण शाळेत असताना असंच म्हणायचास, दप्तरात लाल शेरे घेऊन. मग तो मोरीत जाऊन तोंड धुतो असं सांगून बराच वेळ आत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "तिला सांग, मेंदूवर काम नाही केलं तरी चालेल." तू विचारलं होतंस ना बाबांना काय वाटेल. हे वाटलं.

संध्याकाळच्या विमानाने सुचित्रा येतेय. रुमाल अजून डोक्यावर आहे, घाबरू नकोस.

आता त्या आकड्याचं. मला तुझ्या सायन्समधलं कळत नाही, मी सरूच्या पुढे गेले नाही. पण तू जे लिहिलंस की आकडा आला असता तर खरं ठरलं असतं, ते वाचून मला वाईट वाटलं. शेजारीण दाराशी येऊन म्हणाली की माझी चूल पेटत नाही, तर आम्ही तिला आधी राख दाखव म्हणत नव्हतो. निखारा द्यायचो पळीतून. तू म्हणालीस ना, बरं वाटत नाही. झालं.

आधी मला वाटलं होतं, दृष्ट काढावी नि तुला घरी आणून पेज घालावी, गोळ्याबिळ्या नकोत. अनुजा म्हणाली, पेज घाला, दृष्ट पण काढा, पण डॉक्टर आधी. तर डॉक्टर आधी. गोळीने लगेच बरं वाटत नाही, थोडे आठवडे जातात, एक लागू पडली नाही तर दुसरी देतात, तोवर दम काढायचा, असं तिने सांगितलंय. हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण ठाऊक असणं नि घेणं वेगळं.

सुचित्रा बॅग भरतेय तोवर मी देवापुढे नारळ ठेवलाय. आपल्यात काही अवघड काम निघालं की गाऱ्हाणं घालतात. तुझे आजोबा घालायचे, खणखणीत आवाजात, आणि आम्ही सगळे मागून व्हय म्हाराजा म्हणायचो. तू लहान असताना सगळ्यात जोरात म्हणायचीस, मधेच, नको तिथे पण. बायकांनी घालायची पद्धत नाही. पण हितेंद्राला पाठ नाही आणि देवाला घाई कळत असेल. तर मी घालते, तुझ्या आजोबांचं, गणपताचं, नाव घेऊन. तू नुसतं व्हय म्हाराजा म्हण. म्हणवलं नाही तर राहू दे, तुझी आई तुझ्या वतीने म्हणेल.

बा देवा म्हाराजा, डिलाईल रोडच्या तिसऱ्या माळ्यावरच्या म्हाराजा,
— व्हय म्हाराजा

आज ह्या गणपताच्या नातीन, परक्या मुलखात एकटीन ऱ्हवान, कोणाक न सांगता दुखणा सोसल्यान आसा,
— व्हय म्हाराजा

तिका वाटता, ती आळशी म्हणान तिची चूल पेटना नाय. ता तसा नाय, ह्याची तिका खातरी दी,
— व्हय म्हाराजा

जो डागतर तिका बघतलो, तेच्या हाताक यश दी, गोळयेक गूण दी, आणि गूण येवक उशीर लागलो तर तिका धीर दी,
— व्हय म्हाराजा

कंट्रोलातला नाव गेला तर जावंदे. ह्या घरातला तिचा नाव कोणाच्या बापाक कमी करूक जमाचा नाय,
— व्हय म्हाराजा

टॅक्सी आली. हितेंद्र खालून हाका मारतोय, मला ऐकू येत नाहीत पण गॅलरीतल्या सगळ्या माझ्याकडे बघतायत.

आजी

—

बेंगळुरू
२१ ऑगस्ट २०२५

प्रिय आजी,

आई शेजारी बसून भाजी चिरतेय. हॉस्टेल सोडलं, दोघी एका खोलीत राहतोय. तिच्या भुवयांवर अजून लालसर डाग आहे.

डॉक्टरकडे तीनदा जाऊन आले. बाई आहेत, फार बोलत नाहीत, ऐकतात. त्यांनी पाणीबिणी काही मागितलं नाही. मी म्हटलं, कशावरून ठरवता मग? म्हणाल्या, "तुम्ही सांगताय त्यावरून." मला एकदम तुझी पळी आठवली. गोळी सुरू आहे. पहिल्या आठवड्यात मळमळ फार झाली. खरं सांगायचं तर अजून फारसा फरक नाही. झोप थोडी लागते. तो विचार येतो, पण आला की मी आईला सांगते, आला म्हणून. ती हातातलं ठेवून जवळ येऊन बसते. दोघी बसून राहतो. मग जातो.

लॅबमधून सुट्टी घेतली आहे. मॅडम म्हणाल्या, नोकरी कुठे पळत नाही.

आई आली त्याच्या दुसऱ्या सकाळी हॉस्टेलच्या खोलीत आल्या आल्या तिने दाराशी पडलेला पुडा उचलला, फोडला, वास घेतला आणि मला म्हणाली, चल. स्टुलावर बसवलं आणि त्या शिकेकाईने माझे केस धुतले. महिनाभर मी ते नीट धुतले नव्हते आजी, कुणाला सांगू नकोस. गुंता होता. ती एकेक बट सोडवत होती. तुझी चूक झाली नसती तर इथे तिच्या हाताशी शिकेकाई नसती.

संध्याकाळी तिने तुझं पत्र मोठ्याने वाचलं. प्रत्येक ओळीला व्हय म्हाराजा तीच म्हणाली. मला म्हणवेना. कोरडंच वाटत होतं सगळं. शेवटच्या ओळीला, त्या कुणाच्या बापाला, मी म्हटलं. मोठ्याने नाही. पुटपुटले.

चतुर्थीला येत नाही. ह्या वेळी खरंच कारण आहे, डॉक्टरांनी अजून थांबायला सांगितलंय. पण येईन.

तुझी,
श्रेया

ता. क. काल सांबार फार पांचट होतं.

—

डिलाईल रोड
३० ऑगस्ट २०२५

चि. श्रेया बाय,

पापे मोजत नाही आता.

तुझं पत्र वाचलं आणि ता. क. वर बोट आलं तेव्हा मी गॅलरीत जाऊन सगळ्यांना ओरडून सांगितलं, माझ्या नातीला सांबार पांचट लागलं. कुणाला काही कळलं नाही. अनुजाला कळलं. ती आत गेली नि डोळे पुसून आली, कांदा चिरत होते म्हणाली, हातात पुस्तक होतं.

तू फरक नाही लिहिलंस ते बरं केलंस. छान चाललंय लिहिलं असतंस तर मी पुढच्या विमानात बसले असते, मशीन शिट्टी मारत.

सुचित्रा नाही म्हणून चतुर्थीचे मोदक हितेंद्राने केले. सगळे फुटले. देवाने काही तोंड वाकडं केलं नाही, मी मात्र केलं. आता त्याला चपात्या शिकवतेय. भारताचा नकाशा येतो अजून, पण काश्मीर तरी नीट दिसतं.

नवा पुडा पाठवतेय. मसालाच आहे. मी वास घेतला, हितेंद्राने घेतला, अनुजाला दिला तर ती सात वेळा शिंकली, तेव्हा खात्री पटली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, डोक्याला लावू नये. तुझ्या आईसाठी. तू तो लगेच उघडायलाच पाहिजे असं नाही. पण दाराशी ठेवू नकोस, ओट्यावर ठेव, चुलीजवळ.

आणि गोळी चुकवू नकोस. तो विचार आला की आईला सांगत जा, मलाही लिही. चांगलंच लिहायला पाहिजे असं नाही, मला वाचायला वेळ भरपूर आहे.

तू लिहिलंस, मोठ्याने नाही, पुटपुटले. ते मी बोट ठेवून दोनदा वाचलं. तर सांगते, ह्या कानांना फोन ऐकू येत नाही, हितेंद्राच्या हाका ऐकू येत नाहीत, पण ते पुटपुटलेलं डिलाईल रोडला तिसऱ्या माळ्यावर पोचलं. पुढल्या खेपेला नको तिथेच म्हण, लहानपणी म्हणायचीस तसं, मधेच.

आजी